आधी साल, मग टोपी, मग सैनिक: मेक्सिकन क्रांतीची टेबलावरची फौज

माझ्याकडे बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात धातूचे साठ सैनिक पडून आहेत. प्रत्येकाच्या डोक्यावर सुपाएवढी सोम्ब्रेरो, छातीवर काडतुसांचे दोन पट्टे फुलीसारखे आडवे-तिडवे आणि ओठांवर झुपकेदार मिशा. मेक्सिकन क्रांती म्हटल्यावर डोळ्यांसमोर येणारं चित्र अगदी जसंच्या तसं. सेलायाची लढाई खेळायची म्हणून हौसेने एका फटक्यात मागवले, कस्टम्सचे पैसे भरले आणि रंगवायला बसलो. जुने फोटो काढून बघितले तेव्हा कळलं की सेलायाच्या वेळेपर्यंत, म्हणजे १९१५ च्या एप्रिलपर्यंत, दोन्ही बाजूंची बरीचशी फौज खाकीत आली होती. माझे साठ जण चार वर्षं उशिरा आले होते.

म्हणून नव्याने सुरुवात करणाऱ्याला मी पहिल्यांदा एवढंच सांगतो: सैनिक विकत घेण्याआधी साल ठरव. वॉरगेमिंग म्हणजे टेबलावर छोटे सैनिक मांडून, फुटपट्टी आणि फाशांच्या जोरावर लढाई खेळणं. बहुतेक युद्धांत दोन फौजा असतात आणि त्या शेवटपर्यंत साधारण तशाच दिसतात. मेक्सिकोत १९१० ते १९२० या दहा वर्षांत कालचा मित्र आजचा शत्रू झाला, फौजा उभ्या राहिल्या, विरघळल्या आणि कपडे बदलून पुन्हा आल्या.

उच्चारांबद्दल एक खुलासा. उत्तरेतला बंडखोर नेता पांचो व्हिला याच्या नावाला स्पॅनिशमध्ये 'बिया'च्या जवळ जाणारा उच्चार आहे. मी मधला रस्ता काढून व्हिया लिहितो. तसंच दक्षिणेतल्या शेतकऱ्यांच्या नेत्याला झापाटा न लिहिता सापाता.

साल कसं निवडायचं

पहिला अंक १९१०-११ चा. पोर्फिरिओ दिआस याच्या दीर्घ राजवटीविरुद्ध फ्रान्सिस्को मादेरोने २० नोव्हेंबर १९१० रोजी उठावाची हाक दिली आणि मे १९११ मध्ये सीमेवरचं सिउदाद हुआरेस शहर पडलं. तेव्हाचे क्रांतिकारक म्हणजे गुराखी, खाणकामगार, शेतमजूर. अंगावर घरचेच कपडे, हातात मिळेल ती बंदूक. माझे साठ जण खरे तर इथले.

मादेरो राष्ट्राध्यक्ष झाला, पण १९१२ मध्ये त्याचाच सेनापती पास्कुआल ओरोस्को त्याच्यावर उलटला. फेब्रुवारी १९१३ मध्ये जनरल उएर्ताने सत्ता बळकावली आणि मादेरोचा खून झाला. तिथून १९१४ च्या उन्हाळ्यापर्यंत उएर्ताची सरकारी फौज एका बाजूला आणि कारान्सा, ओब्रेगोन, व्हिया, सापाता हे बंडखोर नेते दुसऱ्या बाजूला. १९१५ मध्ये उरलेले विजेते आपसात भिडले. सेलायाला ओब्रेगोनने कालवे, काटेरी तारा आणि मशिनगनच्या आधाराने व्हियाचं घोडदळ मोडून काढलं. मार्च १९१६ मध्ये व्हियाच्या माणसांनी न्यू मेक्सिकोतल्या कोलंबस गावावर छापा घातला, त्यावर पर्शिंगची अमेरिकन तुकडी सीमा ओलांडून आली आणि फेब्रुवारी १९१७ पर्यंत चिवावाच्या वाळवंटात व्हियाला शोधत फिरली. हे सगळं चालू असताना दक्षिणेत मोरेलोसमध्ये सापाताचं स्वतंत्र युद्ध १९१९ मध्ये त्याच्या खुनापर्यंत चालूच होतं.

पहिल्यांदा करणाऱ्याने १९१३-१४ घ्यावं, उत्तरेतली व्हिया विरुद्ध सरकारी फौज. एका बाजूला शिस्तीची पण मनातून खचलेली फौज आणि दुसऱ्या बाजूला दर महिन्याला सुधारत जाणारी बंडखोर फौज, असा खेळायला मजेदार असमतोल इथे मिळतो. शिवाय याच फौजेवर हुआरेस, तिएर्रा ब्लांका, तोर्रेओन आणि साकातेकास अशा चार लढाया निघतात. सेलाया मोहक आहे, पण तिथे एका खेळाडूला दिवसभर खंदकात बसून रहावं लागतं.

आकार

२८ मिलिमीटर, म्हणजे पायापासून डोळ्यापर्यंत साधारण २८ मिमी उंचीचे सैनिक, यांत चेहरा, पट्टा, सराप्याच्या, म्हणजे खांद्यावरच्या मेक्सिकन घोंगडीच्या, रेघा सगळं रंगवता येतं. चाळीस-पन्नास सैनिकांत खेळ उभा राहतो. १५ मिमीत घोडदळाचे लोंढे दाखवता येतात आणि आगगाडी टेबलावर मावते. १/७२ चं प्लास्टिक सगळ्यांत स्वस्त, पण या काळाचे सैनिक त्यात शोधताना दमछाक होते. मी २८ मध्ये आहे आणि पुढचं सगळं त्याच मापाने सांगतोय. घरी किंवा मित्राकडे रेझिनचा थ्रीडी प्रिंटर असेल तर कस्टम्सची कटकट टळते, फक्त बंदुकीच्या नळ्या जरा जाड छापा, नाहीतर पहिल्याच खेळात अर्ध्या मोडतात.

टोपी सांगते पक्ष

टेबलावर तीन फुटांवरून बघताना बटणं दिसत नाहीत, टोपी दिसते. म्हणून मी सैनिक निवडताना आधी टोपी बघतो.

सरकारी पायदळ: पुढे झाप असलेली, कडक, ठेंगणी टोपी, बऱ्याचदा वरून कापडी आवरण घातलेली. दिआसच्या काळात गडद निळा लोकरी गणवेश, १९१३-१४ पर्यंत मोहिमेवर खाकी नाहीतर मळकट कॅनव्हास. यांतले पुष्कळ जण जबरदस्तीच्या भरतीतून, 'लेवा'तून, उचलून आणलेले. केस भादरलेले असायचे म्हणून विरोधक त्यांना 'पेलोनेस' म्हणत, म्हणजे टकले. एक-दोन सैनिकांची टोपी खाली पडलेली दाखवली तर हा तपशील टेबलावर आणता येतो.

रुरालेस म्हणजे ग्रामीण पोलीस घोडदळ: राखाडी, आखूड जाकीट, तंग विजार, मोठी फेल्टची सोम्ब्रेरो, गळ्यात लाल टाय. फौजेत सहा-आठ पुरेत.

व्हियाची उत्तरेकडची माणसं: सुरुवातीला मिश्र, पण १९१४ पर्यंत टेक्सासच्या धाटणीच्या, वर चिमटा काढलेल्या फेल्ट टोप्यांचं आणि खाकीचं प्रमाण वाढत जातं. व्हियाच्या खास शरीररक्षक घोडेस्वारांना, दोरादोसना, मी सगळ्यांना सारखीच टोपी देतो, म्हणजे तुकडी वेगळी उठून दिसते.

सापाताचे शेतकरी: पांढरे सुती कपडे, उंच डोक्याची रुंद टोपी, पायांत वहाणा. यांना उत्तरेच्या टेबलावर आणू नका. हे मोरेलोसचे, उसाच्या रानातले.

ओरोस्कोचे 'कोलोरादोस' राहिले. हे लाल निशाण वापरणारे उत्तरेकडचे अनियमित घोडेस्वार १९१३ मध्ये उएर्ताच्या बाजूला गेले. म्हणजे सरकारी फौजेतसुद्धा सोम्ब्रेरोवाले चालतात! माझ्या साठांपैकी बारांना असं शेवटी काम मिळालं. टोपीभोवती लाल फीत रंगवली आणि पाठवले उएर्ताकडे.

किती घ्यायचे, आणि नसतील तर कुठून उचलायचे

पहिल्या हप्त्यात व्हियासाठी २४ पायदळ, १२ घोडेस्वार, एक मशिनगन तिच्या तीन माणसांसकट. सरकारकडे ३० पायदळ, त्यांत दोन अधिकारी आणि एक बिगुलवाला हवाच, एक मशिनगन, एक ७५ मिमीची तोफ आणि चार तोफची, वर सहा रुरालेस. एवढं रंगवायला नोकरी सांभाळून तीन-चार महिने जातात. त्याहून जास्त मागवू नका. न रंगवलेल्या सैनिकांचा ढीग माणसाला घाबरवतो.

या काळाचे तयार सैनिक दरवेळी मिळतील असं नाही, तेव्हा शेजारच्या युद्धांतून उसनवारी करायची. सगळ्यांत उपयोगी पडतात बोअर युद्धातले बोअर. फेल्ट टोपी, जाकीट, काडतुसांचा पट्टा आणि ७ मिमीची माउझर. मेक्सिकन फौजेची रायफलही ७ मिमीची माउझरच होती. यात एक गंमत आहे: बेन व्हिल्युन हा खराखुरा बोअर जनरल १९११ मध्ये मादेरोच्या बाजूला होता, त्यामुळे एखादा बोअर सैनिक अजिबात न बदलता टेबलावर ठेवला तरी खोटं नाही. वाइल्ड वेस्टच्या संचांतले मेक्सिकन दरोडेखोर घेता येतात, पण सगळे पिस्तूलधारी घेऊ नका. विंचेस्टर १८९४ ची लिव्हरवाली बंदूक हातात असलेले निवडा. तिच्या .३०-३० काडतुसावरून तिला 'त्रेइंता-त्रेइंता' म्हणत आणि ती क्रांतीची ओळखच बनली. तोफेसाठी पहिल्या महायुद्धातली ढालवाली फ्रेंच ७५ चालवून घ्या. सरकारी तोफाही फ्रान्समध्येच बनलेल्या होत्या आणि टेबलावर कोणी चाकांचे आरे मोजत नाही.

टोप्या बदलायला एम-सील पुरतं. मटाराएवढा गोळा मळायचा, ओल्या बोटाने चपटा करून डोक्यावर बसवायचा आणि सुईने कडा उचलायची. हात चटचट चालवा, ते लवकर कडक होतं. सोम्ब्रेरोची कड सगळीकडे सारखी वर वळवली की ती परातीसारखी दिसते. एका बाजूला जरा झुकवा.

बायका विसरू नका. सोल्दादेरा, म्हणजे फौजेबरोबर चालणाऱ्या स्त्रिया, दाणागोटा गोळा करत, स्वयंपाक करत, जखमींना बघत, आणि काही जणी बंदूक घेऊन लढतही. पाटीवाली एक, मूल पाठीला बांधलेली एक, माउझरवाली एक, एवढ्या तरी हव्यात.

फोटो बघताना

या क्रांतीचे फोटो मुबलक आहेत. कासासोला संग्रहातले हजारो फोटो आता पाचुका शहरातल्या राष्ट्रीय छायाचित्र संग्रहालयात आहेत. पण दोन गोष्टी डोक्यात ठेवा. फोटोसाठी उभा राहणारा माणूस आपले सगळे पट्टे चढवून उभा राहतो. रोजच्या चालीत एवढं ओझं कोण वाहील? म्हणून दर चार सैनिकांत एकालाच फुलीचे दोन पट्टे द्या. दुसरं, त्या काळच्या फिल्मला लाल रंग दिसत नसे आणि निळा जास्त दिसे. त्यामुळे फोटोत जो गळ्यातला रुमाल काळा कुळकुळीत दिसतो तो लाल असू शकतो, आणि फिकट करडा वाटणारा सदरा चांगला निळा. मी वर्षभर काळे रुमाल रंगवत होतो.

धुणं, घासणं, प्रायमर

धातूचे सैनिक भांड्यांच्या साबणाच्या कोमट पाण्यात दहा मिनिटं ठेवून जुन्या टूथब्रशने घासा, साच्याचा तेलकटपणा जातो. साच्याची रेघ बारीक कानशीने काढा, विशेषतः टोपीच्या काठावरची. ती राहिली तर पुढे रंगाचा वॉश, म्हणजे पाण्यासारखा पातळ रंग, तिथेच साचतो आणि टोपीला चीर गेल्यासारखी दिसते. हात-डोकी वेगळी असतील तर फेविक्विक. घोडेस्वार घोड्यावर बसवायला मात्र अराल्डाइट, कारण स्वार पकडूनच सगळे उचलतात.

प्रायमरचा, म्हणजे रंगाआधीच्या अस्तराचा, स्प्रे पावसाळ्यात मारू नका. पुण्यात जुलैमध्ये गच्चीवर छत्रीखाली मारला होता, हवेतल्या दमटपणाने रंग दाणेदार बसला आणि आठ घोड्यांना खरूज झाल्यासारखी दिसायला लागली. पावसाळ्यात ब्रशने लावायचा प्रायमर वापरा आणि स्प्रे दिवाळीनंतर कोरड्या हवेत. रंग करडा घ्या. काळ्यावर पांढरे आणि खाकी कपडे उजळायला दुप्पट हात मारावे लागतात.

रंग

इथे मी वेळ घालवतो आणि तुम्हीही घालवावा.

खाकीपासून सुरू करू. एकच डबी उघडून तीस सैनिक रंगवले की ती फौज कारखान्यातून निघाल्यासारखी दिसते. तीन रंग काढा: पिवळट वाळूसारखा, हिरवट खाकी आणि धुऊन विटलेला बदामी. सरकारी तुकडीत दोन भाग पहिला, एक भाग तिसरा. व्हियाच्या तुकडीत तिन्ही मिसळा आणि प्रत्येक सैनिकाच्या अंगावर जाकीट एका छटेचं, विजार दुसऱ्या छटेची असू द्या. कपडे एका ठिकाणहून मिळत नव्हते, ते दिसलं पाहिजे. त्यावर पातळ तपकिरी वॉश, मग मूळ रंगाने फक्त उठावाचा भाग.

सापाताच्या माणसांचे पांढरे कपडे सगळ्यांनाच अवघड जातात आणि चूक नेहमी एकच होते: बाटलीतला पांढरा सरळ फासायचा. त्या कापडाला स्पॅनिशमध्ये 'मांता' म्हणतात आणि आपल्याकडे त्याला अगदी अचूक शब्द आहे, मांजरपाट. नवं मांजरपाट पांढरं नसतं, पिवळसर असतं. धुऊन धुऊन पांढरं होत जातं आणि गुडघ्यावर मातीचं होतं. तोच प्रवास ब्रशने उलगडायचा. आधी उबदार करड्या-बदामी रंगाचा सपाट थर. सुकल्यावर पाणी घालून पातळ केलेला तपकिरी, फक्त घड्यांत, बगलेत, कमरेच्या दोरीखाली. मग हस्तिदंती रंग, घड्या सोडून. शेवटी थोडासा शुद्ध पांढरा खांद्यावर, पोटरीच्या वरच्या वळणावर आणि बाहीच्या टोकाला, बस. पाठीवर लावू नका, तिथे घाम आणि धूळ. सगळ्यात शेवटी गुडघ्यांना आणि विजारीच्या खालच्या काठाला बेसच्या, म्हणजे सैनिक ज्या चकतीवर उभा असतो तिच्या, मातीचाच रंग जवळजवळ कोरड्या ब्रशने पुसटसा. दहा सैनिकांत दोघांची विजार थोडी जास्त पिवळी ठेवा, नवी कोरी.

काडतुसांचा पट्टा. आधी पूर्ण पट्टा गडद तपकिरी. मग काडतुसांच्या ओळीवर पितळी रंगाची एक सलग रेघ, डोळे मिटून मारता येईल अशी सोपी. सुकल्यावर काळपट तपकिरी शाई पाण्यासारखी पातळ करून वरून सोडा. ती काडतुसांच्या मधल्या फटींत उतरते आणि प्रत्येक काडतूस आपोआप वेगळं होतं. एकेक काडतूस ठिपक्याने रंगवणारे लोक मी पाहिले आहेत. दंडवत त्यांना!

चेहरा मोठ्या टोपीखाली सावलीत असतो. डोळे रंगवू नका, ते घाबरलेल्या बाहुलीसारखे दिसतात. मध्यम तपकिरी त्वचा, वरून गडद वॉश, मग नाकाचा शेंडा, गालाचं हाड आणि खालचा ओठ उजळ. टोपीच्या कडेखाली कपाळावर गडद पट्टा राहू द्या. गुलाबी गोरे चेहरे तर नकोतच, आणि सगळे एकाच छटेचेही नकोत. गवती टोपीला आधी फिकट पिवळी माती, मग तपकिरी वॉश, मग कोरड्या ब्रशने विणीवर फिकट रंग. फेल्टच्या टोपीला करडा, तपकिरी किंवा काळा, आणि घामाचा गडद पट्टा फितीच्या वर.

सराप्याच्या रेघा हा मोह आहे. खांद्यावरच्या गुंडाळीवर तीन-चार रेघा पुरतात. तुकडीत तीन जणांच्याच रंगीत, बाकीच्यांच्या घोंगडीसारख्या करड्या-तपकिरी.

घोडे लहान चणीचे, काटक. निम्मे कुमाईत, म्हणजे तांबूस तपकिरी अंग आणि काळी आयाळ. बाकी बदामी, मातकट, एखादा करडा. सगळे पंचकल्याणी करण्याचा मोह आवरा. खोगीराखालून दिसणारा कांबळीचा तुकडा हे रंग खेळवायचं ठिकाण.

शेवटी मॅट वार्निश. तोही दमट दिवशी मारला तर पांढरा धुरकट होतो.

बेस

पायदळाला २५ मिमीचे गोल एमडीएफ, लेझर कटिंगवाले शेकड्याने कापून देतात. वजन हवं असेल तर हार्डवेअरच्या दुकानातले वायसर. घोड्यांना २५ बाय ५० चे लांबुळके. वर फेव्हिकॉल, त्यावर जाडसर पांढरी रांगोळी दाबायची. उत्तरेच्या वाळवंटाची बारीक खडी हुबेहूब जमते आणि किलोभर रांगोळीत आयुष्यभराची फौज होते. सुकल्यावर फिकट बदामी रंग, तपकिरी वॉश, हस्तिदंती कोरडा ब्रश. गवताचा एखादा वाळका झुबका, त्याहून जास्त नाही. चिवावा हिरवागार नाही. बेसच्या खाली चुंबकाची शीट चिकटवली की स्टीलच्या डब्यात फौज उभीच्या उभी प्रवास करते.

तोफेच्या आधी आगगाडी

नवीन माणूस तोफ घेतो, घोडदळ घेतो आणि आगगाडीचा विचार दोन वर्षांनी करतो. उलटं करा. उत्तरेतलं हे युद्ध रुळांवर लढलं गेलं. व्हियाची फौज गाड्यांनी फिरायची: घोडे डब्यांच्या आत, माणसं आणि बायकापोरं टपावर. त्याच्याकडे दवाखान्याची स्वतंत्र गाडी होती. 'एल निन्यो' नावाची तोफ सपाट वाघिणीवर चढवलेली होती. १९१२ मध्ये रेयानोला ओरोस्कोच्या माणसांनी स्फोटकं भरलेलं इंजिन माणसाविना सरकारी गाडीवर सोडलं. त्या युक्तीला 'माकिना लोका' म्हणतात, वेडं इंजिन.

इंजिन खेळण्यांच्या दुकानातलं चालेल, काळ्या-करड्या रंगाने ते काळात बसवता येतं. वाघिणी घरी करा. चाळीस फुटी डबा २८ मिमीच्या मापात सुमारे २२ सेंटिमीटर लांब आणि ५ सेंटिमीटर रुंद होतो. तळाला एमडीएफ, बाजूंना आइस्क्रीमच्या काड्या उभ्या चिकटवलेल्या, टप काढता येईल असा सुटा. टपावर सैनिक उभे राहतील एवढा सपाट ठेवा, ते महत्त्वाचं. रुळांचं माप मात्र तंतोतंत जुळवत बसू नका. १/४८ चे ३२ मिमी रूळ थोडे रुंद दिसतात, पण गाडी खेळात चालवायची नाही, ढकलायची आहे.

घरं सोपी. विटा भाजलेल्या नाहीत, मातीच्या, सपाट छपराच्या. भिंत पाच मिमी फोमशीटची, वर फेव्हिकॉल-रांगोळीचा हात, कोपऱ्यात चाकूने थोडा गिलावा उडवलेला, खालून चार मातकट विटा कोरलेल्या. छपराखालून बांबूच्या कांड्यांची वाशांची टोकं बाहेर काढा. छप्पर सुटं ठेवा, कारण हुआरेसमध्ये १९११ साली हल्लेखोर रस्त्यावरून न जाता घरांच्या भिंती फोडत घरातून घरात गेले होते. निदान एका भिंतीला काढघाल करता येईल असं भगदाड हवं.

दक्षिण करायची असेल तर उसाला काथ्याचं पायपुसणं कापून हिरवं करा, आणि आसिएंदा, म्हणजे जमीनदाराचा वाडा आणि चर्चसकट आवार, बांधा. क्रांतीनंतर अशाच एका आसिएंदात, चापिंगोला, राष्ट्रीय कृषिशाळा भरू लागली आणि तिथे शिकवायला होते आपले वर्ध्याचे क्रांतिकारक आणि मक्याचे संशोधक पांडुरंग खानखोजे. माझ्या वाड्याच्या दारावर म्हणूनच मक्याचं कणीस कोरलंय. इतिहासाला धरून नाही, पण राहू द्या.

झाडांत एक चूक सगळे करतात. हात वर केलेला उंच निवडुंग, साग्वारो, चिवावात उगवत नाही. तो सोनोराकडचा. चिवावात नोपाल, म्हणजे पानापानांचा फड्या निवडुंग, आणि काटेरी झुडपं लावा. नोपालला भोपळ्याच्या बिया: एकीच्या टोकावर दुसरी, फेविक्विकने तीन-चार मजले, हिरवा रंग, वर लालसर ठिपके. चार निवडुंगांना मूठभर बिया लागतात.

पहिला खेळ: कोळशाची गाडी

नोव्हेंबर १९१३ मध्ये व्हियाने एक कोळशाची गाडी पकडली. मग सरकारी माणूस बनून हुआरेसला तार केली: पुढे क्रांतिकारक आहेत, मार्ग बंद आहे, काय करू? उत्तर आलं, मागे फिरा, प्रत्येक स्टेशनवरून तार करा. त्याने कोळसा उतरवला, सुमारे दोन हजार माणसं चढवली आणि प्रत्येक स्टेशनवरून आज्ञाधारकपणे तार करत १५ तारखेच्या पहाटे दोनच्या सुमारास शहराच्या मध्यभागी उतरला.

टेबल चार बाय चार फूट. मधून रूळ, स्टेशन, दोन्ही बाजूंना सात-आठ घरं, एका घरात सरकारी तोफ, दोन घरांत बराकी. उत्तरेची कड म्हणजे रिओ ग्रांदे आणि पलीकडे एल पासो. त्या दिशेला गोळी झाडायची नाही, कारण १९११ च्या लढाईत पलीकडे माणसं मेली होती आणि अमेरिकेला ओढून आणणं कोणालाच परवडणारं नाही. ज्याने त्या बाजूला गोळी झाडली त्याने पुढच्या फेरीत एक तुकडी गमवायची.

खेळाआधी व्हियाचा खेळाडू चार कागदांवर चार तारा खऱ्याखुऱ्या लिहितो आणि सरकारी खेळाडू त्यांना उत्तरं देतो. प्रत्येक तारेला एक फासा: एक पडला तर तारखात्याच्या बाबूला संशय येतो आणि सरकारला एक जास्तीची तुकडी जागी मिळते. संशय नसेल तर टेबलावर फक्त सहा पहारेकरी, बाकी सगळे बराकीत झोपलेले. गाडी आत ढकला, दारं बंद. तीन फेऱ्यांत पहारेकऱ्यांपैकी कोणी गाडीपासून सहा इंचांत आला आणि पाच किंवा सहा टाकला तर बिगुल वाजतो.

सरकारी पायदळाला एकच वेगळा नियम द्या. सहा इंचांत अधिकारी नसेल तर तुकडी पुढे जात नाही, फक्त जागेवरून झाडते, आणि निम्मी माणसं गेली की शरण. घोड्याची चाल बारा इंच, पायी सहा, भिंत फोडायला एक पूर्ण फेरी. आमच्या पहिल्या खेळात समोरच्या मित्राने चौथ्या तारेला उत्तर लिहिलं, "कोळसा कोरडा आहे का?" आणि मला खरोखर घाम फुटला. फासा चार पडला. दारं उघडली.